जॉइंट ओरिएंटेशन (रिगिंग)

जॉइंट ओरिएंटेशन म्हणजे त्रिमित अ‍ॅनिमेशनमधील पात्राच्या सांगाड्यात (तो बांधण्याच्या कामाला रिगिंग म्हणतात) प्रत्येक जॉइंटचे, म्हणजे सांध्याचे, स्वतःचे एक्स, वाय आणि झेड अक्ष कोणत्या दिशेला असावेत ते ठरवणे. जॉइंट जागेवर बसला म्हणजे काम झाले, असे नवशिक्याला वाटते. पण कोपर नीट वाकणार की तिरके, हे जागेइतकेच अक्षांवर ठरते. खालील तपशील प्रामुख्याने ऑटोडेस्क माया या त्रिमित अ‍ॅनिमेशन सॉफ्टवेअरचे आहेत.

मायात जॉइंटचे फिरणे मुख्यतः दोन ठिकाणी नोंदले जाते. अ‍ॅनिमेटर की (त्या क्षणाच्या स्थितीची नोंद) लावतो ते ‘रोटेट’, आणि रिगर ठरवतो ती मूळ बैठक म्हणजे ‘जॉइंट ओरिएंट’. बैठकीचा सगळा कोन दुसऱ्या खान्यात गेला की मूळ पोझमध्ये रोटेटचे तिन्ही आकडे 0 राहतात, आणि अ‍ॅनिमेटरला तेच हवे असते. फ्रीझ ट्रान्सफॉर्मेशन्स ही आज्ञा (सध्याची स्थिती मूळ धरून आकडे 0 करणारी) दिल्यावर रोटेटमधला कोन जॉइंट ओरिएंटमध्ये जातो.

क्रम असा: आधी सगळे जॉइंट जागेवर बसवावेत, रोटेट फ्रीझ करून 0 करावे, मगच स्केलेटन मेनूतील ओरिएंट जॉइंट वापरावे. त्यात मुख्य अक्ष बहुधा एक्स ठेवतात. तो पुढच्या जॉइंटकडे रोखलेला असतो. दुय्यम अक्ष वाय आणि त्याची जागतिक दिशा +वाय (म्हणजे दृश्यात वर), ही मांडणी टी-पोझमधल्या, म्हणजे बाजूला आडव्या पसरलेल्या, हाताला चालते. लोकल रोटेशन अ‍ॅक्सिस दाखवणे चालू करून लाल, हिरवा, निळा हे तिन्ही अक्ष डोळ्यांनी तपासावेत. बैठक बरोबर असेल तर पुढच्या जॉइंटच्या ट्रान्सलेटमध्ये फक्त एक्सला आकडा दिसतो, वाय आणि झेड जवळजवळ 0 असतात. ओरिएंट केल्यावर जॉइंट सरकवला की ही खूण बिघडते, आणि काम पुन्हा करावे लागते.

सर्वांत जास्त घोळ पायात होतो. हाड खाली जाते, म्हणजे +वाय दिशेला जवळजवळ समांतर. मग दुय्यम अक्षाला टेकायला दिशाच उरत नाही. गुडघा किंचित वाकवलेला असतो, त्यामुळे मांडी थोडी पुढे झुकते आणि नडगी थोडी मागे. एवढ्याशा फरकाने मांडीच्या जॉइंटचा वाय पुढे आणि गुडघ्याचा मागे तोंड करतो: दोघांत 180 अंशांचे अंतर. आयके (पाऊल हलवले की वरचे सांधे आपोआप वळण्याची पद्धत) लावलेल्या पायात हे लक्षातही येत नाही. एफकेवर (प्रत्येक सांधा वेगळा फिरवण्याच्या पद्धतीवर) गेल्यावर मात्र एकाच चिन्हाचा आकडा मांडी एकीकडे आणि गुडघा उलटीकडे नेतो. उपाय सोपा आहे: पायासाठी दुय्यम अक्षाची जागतिक दिशा +झेड (पात्राच्या पुढे) निवडावी. मग वाय दोन्हीकडे पुढे राहतो आणि गुडघा एकट्या झेडभोवती बिजागरीसारखा वाकतो. इंग्रजी एससारख्या वळणाच्या कण्यातही असाच पलटा येतो.

टोकाच्या जॉइंटला पुढे मूल (त्याला जोडलेला पुढचा जॉइंट) नसते, म्हणून त्याचे जॉइंट ओरिएंट हाताने 0, 0, 0 करावे. तो पालकाशी, म्हणजे आधीच्या जॉइंटशी, जुळतो. मनगटाला पाच मुले असतात. तिथे मधले बोट ठेवून बाकीची तात्पुरती सोडवावीत, ओरिएंट करून पुन्हा जोडावीत.

दुसरी बाजू मिरर जॉइंटने करतात. त्यातला ‘बिहेवियर’ पर्याय निवडला तर दोन्ही हातांना एकच आकडा देऊन आरशातल्यासारखी हालचाल मिळते. उजव्या हाताचा ट्रान्सलेट एक्स मग ऋण दिसतो. ती चूक नव्हे. ‘ओरिएंटेशन’ पर्यायात अक्ष मूळ बाजूसारखेच राहतात, म्हणून तोच आकडा दोन्ही हातांना एकाच दिशेला फिरवतो.

रोटेट ऑर्डरही (तिन्ही अक्षांभोवती फिरण्याचा क्रम) याच टप्प्यावर ठरवावी. मूळ एक्सवायझेड क्रमात वाय मधला. तो 90 अंशांवर गेला की एक्स आणि झेड एकाच रेषेत येतात, यालाच गिंबल लॉक म्हणतात. ज्या अक्षावर सांधा 90 पर्यंत सहसा जात नाही, तो मध्ये ठेवावा.

स्किन बाइंड केल्यावर, म्हणजे पात्राचा पृष्ठभाग सांगाड्याला जोडल्यावर, अक्ष बदलायचे ठरले तर वेट्स (कोणता जॉइंट पृष्ठभागाचा कोणता भाग किती ओढतो ते आकडे) एक्सपोर्ट करून, अनबाइंड करून, पुन्हा बाइंड करणे बहुधा भाग पडते.

ब्लेंडर या दुसऱ्या त्रिमित सॉफ्टवेअरमध्ये निवड कमी आहे. हाडाचा वाय नेहमी मुळाकडून टोकाकडे असतो आणि फक्त ‘रोल’ (हाडाचे त्या वायभोवतीचे वळण) बदलता येतो. एडिट मोडमध्ये शिफ्ट आणि एन दाबून तो नव्याने मोजता येतो. मायातून एफबीएक्स फाइलने युनिटीसारख्या गेम इंजिनात नेल्यास तिथे बैठकीचा वेगळा खाना नसतो, दोन्ही कोन एकत्र होतात. म्हणून मायात 0 दिसणारा सांधा तिथे भलताच आकडा दाखवतो, पण पोझ तीच राहते.