जुनं कोणतं आणि बाद कोणतं?

धाकट्याच्या वेळी मी माळ्यावरून दोन वस्तू एकाच दिवशी खाली काढल्या. थोरलीचं पांढरं झबलं, गळ्यापाशी हळदीसारखा पिवळा डाग पडलेलं. आणि गाडीत बसवायची कार सीट, जी आधी ताईच्या मुलाने वापरली, मग माझ्या मुलीने, आणि तरी कोरी करकरीत. झबलं मी फडक्यांच्या ढिगात टाकलं, सीट पुसून दाराशी ठेवली. नेमकं उलटं करायला हवं होतं.

भावंडांच्या वस्तू पुढे देताना आपण 'जुनं' आणि 'बाद' हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरतो. जुनं म्हणजे ज्यावर वापराच्या खुणा आहेत: रंग विटलाय, कड उसवलीय, डाग पडलाय. बाद म्हणजे वस्तूचं जे मूळ काम, ते ती भरवशाने करेल असं आता म्हणता येत नाही. जुनेपण डोळ्यांना दिसतं. बाद झालेलं पुष्कळदा दिसतच नाही, आणि सगळा घोळ तिथे होतो.

आधी त्या झबल्याचं. मी ते धुऊन, वाळवून, स्वच्छ पांढरं असतानाच ठेवलं होतं. मग डाग आला कुठून? बाळाने काढलेल्या दुधातली चरबी आणि प्रथिनं साध्या धुण्याने पुरती निघत नाहीत, धाग्यात थोडी उरतातच. तेव्हा ती दिसत नाहीत. बंद पेटीत महिनोन्‌महिने हवेशी संयोग होत गेला की पिवळी पडतात. म्हणजे डाग नवा असला तरी दूध जुनंच. ऑक्सिजनवाल्या ब्लीचच्या कोमट पाण्यात रात्रभर भिजवायचं, नीट खळबळायचं आणि ओलंच कडक उन्हात टाकायचं; बराचसा डाग उडतो. नाही उडाला तरी बाळाचं काही अडत नाही. उलट पन्नास वेळा धुतलेलं सुती कापड नव्यापेक्षा मऊ असतं आणि नव्या कापडावरची खळ, रसायनं त्यातून केव्हाच निघून गेलेली असतात. कपड्यांच्या बाबतीत जुनं म्हणजे बहुतेक वेळा चांगलंच.

कपडेही बाद होतात, पण डागाने नव्हे. टिचबटण सैल झालं असेल तर ते निघून तोंडात जाऊ शकतं. टोपीला किंवा गळ्याला ओढायची नाडी असेल तर ती काढूनच टाकायची. अशा नाड्या कशात तरी अडकून मुलांचे गळे आवळले गेले आहेत, म्हणून अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने १९९६ सालीच त्याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. मोजे उलटे करून पाहावेत. आत सुटलेला दोरा बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला जातो, बोट सुजतं आणि बाळ का रडतंय ते कुणाला कळत नाही.

सगळ्यात मोठा धोका मात्र पेटीतल्या वासाचा. कपडे टिकावेत म्हणून पुष्कळ जण डांबरगोळ्या टाकतात. त्यात बहुतेकदा नॅफ्थलीन असतं. ते न वितळता हळूहळू थेट हवेत विरतं आणि कापडात मुरतं. ज्या बाळांच्या रक्तात जी६पीडी नावाचं विकर (एन्झाइम) कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी या नॅफ्थलीनने फुटतात आणि कावीळ इतकी वाढू शकते की मेंदूला इजा होते. जगात सुमारे ४० कोटी लोकांमध्ये ही कमतरता आहे, मुलग्यांमध्ये जास्त, आणि पुष्कळांना ती असल्याचा पत्ताच नसतो. कपडा डोळ्यांना नवा, घडी परीटघडीची, आणि तान्ह्या बाळासाठी बाद! अंगाला तेल लावलेलं असेल तर नॅफ्थलीन त्वचेतून आणखी सहज आत जातं. तान्ह्या बाळासाठी मी असे कपडे सरळ बाजूला काढते.

आता सीट. सीट म्हणजे गादी लावलेली खुर्ची नव्हे. धडकेच्या एका क्षणासाठी बनवलेलं ते साधन आहे. बंद गाडीतलं ऊन, गारठा, पुन्हा ऊन यांनी तिचं प्लॅस्टिक वर्षानुवर्षं ठिसूळ होत जातं, म्हणून कंपन्या तिला मुदत देतात, साधारण ६ ते १० वर्षं. ही मुदत बहुतेकदा आपण खरेदी केल्यापासून नाही, सीट बनवल्यापासून मोजायची. मी सीट पालथी घातली, टॉर्च लावला. तळाच्या प्लॅस्टिकवर बटणाएवढी गोल तबकडी उठवलेली होती: कडेने १ ते १२ आकडे, मध्ये बाण, बाणाच्या दोन बाजूंना वर्षाचे दोन अंक. तो घड्याळाचा काटा नाही, ती साच्याची तारीख. शेजारच्या चिकटपट्टीवर वापराची मुदत सात वर्षं लिहिलेली. सीटला नऊ झाली होती.

तरी मी ताईला फोन केलाच. वस्तू टाकवत नाही ना.

"ताई, या सीटला कधी काही झालं होतं का गं?"

"छे. एकदा मागून जरा ठोकली होती कुणीतरी, पण पिल्लू नव्हतं गाडीत. सीट रिकामीच होती."

रिकामी होती म्हणजे काही झालं नाही असं होत नाही. धडकेत पट्टे ताणले जातात, आतला फोम दबतो, कवचाला केसाएवढी चीर पडते आणि वरून कापड असल्यामुळे यातलं काहीच दिसत नाही. अमेरिकेची रस्ते सुरक्षा संस्था किरकोळ धडक कशाला म्हणायचं ते सांगते: गाडी तशीच चालवत नेता आली, सीटजवळचं दार शाबूत, कुणाला लागलं नाही, एअरबॅग उघडली नाही, सीटवर खूण नाही. या पाचही अटी पुऱ्या झाल्या तरच सीट ठेवा म्हणते. काही कंपन्या तेवढंही मानत नाहीत, कुठलीही धडक झाली की बदला म्हणतात. आणि माझ्या हातून घडलेली गंमत वेगळीच: थोरलीला सीटवर उलटी झाली तेव्हा पट्टे काढून मशीनमध्ये टाकले होते. पट्टे ओल्या फडक्याने पुसायचे असतात, मशीनमध्ये धुतल्याने त्यांची ताकद कमी होऊ शकते. इतकी कोरी दिसत होती ती त्यामुळेच.

बाळाच्या खाटेचं प्रकरण तिसरंच. तिला काहीही झालेलं नसतं, लाकूड ठणठणीत असतं, पण मधल्या काळात नियम बदललेला असतो. बाजू खाली सरकणारी खाट अमेरिकेत जून २०११ पासून विकता येत नाही, कारण ती बाजू निसटून बाळं फटीत अडकत होती. गजांमधलं अंतर सहा सेंटिमीटरच्या आत हवं. शीतपेयाचा डबा आरपार गेला तर फट मोठी आहे. कडेने बांधायच्या मऊ गाद्या आणि दहा अंशांपेक्षा जास्त उताराची झोपायची खुर्ची यांच्यावर तिथे २०२२ च्या कायद्याने बंदी आली. चाकाचा वॉकर कॅनडात २००४ पासून जुना म्हणूनसुद्धा विकता येत नाही. या वस्तू मोठ्या भावंडाने वापरल्या आणि 'त्याला कुठे काय झालं' हे खरं असलं, तरी त्यावरून पुढचं काही ठरत नाही.

गादी तळहाताने दाबून पाहायची. खड्डा राहिला तर नको. पाणी न शिरणारं आवरण धड असेल तर आपल्याच घरातली चालते. दुसऱ्या घरातून आलेली, आत काय मुरलंय ते माहीत नसलेली मी घेत नाही. बाकी टब, ढकलगाडी यांत डोळ्यांवर विश्वास ठेवायला हरकत नाही. ब्रेक आणि बकल तेवढे तपासा. दुधाची बाटली ठेवा, निपल नवं घ्या.

आपल्याच थोरल्याकडून धाकट्याला वस्तू देण्यात हाच मोठा फायदा असतो, तिचा इतिहास आपल्याला ठाऊक असतो. वाटतो तेवढा ठाऊक नसतो, हे मला त्या फोनवर कळलं. म्हणून आता प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी असते: कधीची, कुणी वापरली, पडली-आपटली का, कशात ठेवली होती.

झबलं दोनदा उन्हात टाकून धाकट्याने अंगात घातलं. सीट तशीच कचऱ्याशेजारी ठेवली असती तर कुणीतरी उचलून नेली असती, म्हणून कवचावर जाड मार्करने 'बाद' लिहिलं आणि पट्टे कापायला बसले. स्वयंपाकघरातली कात्री काही चालेना. ताई समोरच बसली होती, म्हणाली, "अगं, किती मजबूत आहेत बघ!"

मी मोठी कात्री आणायला उठले.