इंजिन हातभर अंतरावरून जातं, मग कॉफी का सांडत नाही?

व्हिएतनामची राजधानी हनोई. दोन्ही बाजूंना घरं, मधून एकेरी मीटरगेज लोहमार्ग आणि रुळांना खेटून मांडलेली कॅफेची बुटकी टेबलं. गाडीची वेळ झाली की दुकानवाले स्टुलं आत ओढतात, गिऱ्हाइकं भिंतीला पाठ लावून बसतात आणि इंजिन टेबलाजवळून धडधडत निघून जातं. हा मार्ग फ्रेंच अमदानीतला. पुढे तो 1902 साली बांधून झालेल्या लाँग बिएन पुलावर चढतो. धोका आहे म्हणून ऑक्टोबर 2019 मध्ये प्रशासनाने हे कॅफे बंद करायला लावले, 2022 मध्ये पुन्हा बडगा उगारला. तरी लोकांचा ओघ थांबला नाही.

या ‘ट्रेन स्ट्रीट’च्या रील्सखाली एक शंका हमखास असते: एवढं धूड शेजारून जातंय आणि कप जागचा हलत नाही? नक्की डिंकाने चिकटवलाय, नाहीतर व्हिडिओच बनावट. शंका रास्त आहे, निष्कर्ष चुकीचा.

कॉफी सांडते ती हिंदकळून. नेहमीच्या आकाराच्या कपातली कॉफी एका बाजूकडून दुसरीकडे सेकंदाला साधारण तीन-चार वेळा झुलते. ही तिची स्वाभाविक वारंवारता. माणूस चालताना सेकंदाला दोनेक पावलं टाकतो. पावलांच्या ठेक्यात दुप्पट वारंवारतेचा अंशही मिसळलेला असतो, आणि तो नेमका कॉफीच्या झुल्याशी जुळतो. कॅलिफोर्नियातल्या क्रेचेतनिकोव्ह आणि मेयर या संशोधकांनी याचा रीतसर अभ्यास केला, 2012 चं इग नोबेलही (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचा पुरस्कार) मिळवलं. हातातला कप चालताना पुढे-मागे हलतो, तोही सेंटीमीटरच्या हिशेबात.

आता गाडीचं गणित. ती ताशी 30 किमीने जातेय आणि स्लीपर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्या, 60 सेंटीमीटरवर आहेत असं धरू. म्हणजे प्रत्येक चाक सेकंदाला सुमारे 14 स्लीपर ओलांडणार, आणि जमिनीला 14 हर्ट्झचा एक ठेका मिळणार. चाकांच्या आणि रुळांच्या खडबडीतपणामुळे त्यात वरच्या वारंवारताही भरपूर मिसळतात. टेबलाच्या कंपनाचा वेग सेकंदाला एक मिलिमीटर आहे असं समजा. पायांना हे स्पष्ट जाणवेल. पण 14 हर्ट्झला याचा अर्थ कप मिलिमीटरच्या जेमतेम शंभराव्या भागाइतका हलतो. शिवाय या हालचालीचा मोठा वाटा उभ्या दिशेचा. कप आडवा हलला तरच कॉफी थेट झुलू लागते. थोडक्यात, वारंवारता जुळत नाही, दिशा जुळत नाही, हालचाल किती मोठी म्हणाल तर नगण्यच. कॉफी सांडण्याचा खरा धोका ट्रे घेऊन येणाऱ्या पोऱ्याकडून.

तरीही कपात काही घडत नाही असं नाही, आणि मला खरा रस आहे तो इथेच. काळ्या कॉफीच्या कपात काठाशी निरखून बघा. द्रव चिनीमातीला चिकटून दोन-तीन मिलिमीटर वर चढलेला असतो. पृष्ठताणामुळे तयार झालेली ही वक्र किनार किती उंच असेल, ते गुरुत्वाच्या ओढीवर ठरतं. कप वर ढकलला जाताना, लिफ्ट सुटताना आपल्याला वाटतं तसं, द्रवाचं वजन क्षणभर वाढतं आणि किनार दबते. कप खाली जाऊ लागला की ती पुन्हा चढते. प्रत्येक वेळी ती एक लहर आत सोडते. सगळ्या परिघावरून या लहरी एकाच वेळी सुटतात, म्हणून काठाकडून मध्याकडे सरकणारी वर्तुळं दिसतात.

दोन वर्तुळांमधल्या अंतरावरून वारंवारता काढता येते. द्रव पाण्यासारखा मानला तर 50 हर्ट्झला हे अंतर सुमारे 6 मिलिमीटर येतं, 14 हर्ट्झला सुमारे 1.7 सेंटीमीटर. हा 1.7 आकडा मोठा गमतीचा आहे. याहून लांब लहरींवर गुरुत्वाची सत्ता चालते, आखूड लहरींवर पृष्ठताणाची. बरोबर इथे दोघांची बरोबरी होते आणि लहर सेकंदाला 23 सेंटीमीटर वेगाने धावते. खोल पाण्यावर याहून मंद लहर असूच शकत नाही. तर अंतरावरून वारंवारता कळते, त्यामुळे रील थांबवून, कपाचा व्यास अंदाजे धरून वर्तुळं मोजली, तर कप कोणत्या ठेक्यावर थरथरतोय ते घरबसल्या काढता येईल.

कंपनं एका मर्यादेपलीकडे गेली की वर्तुळं मोडतात आणि चौकटी, चांदण्या उमटतात. त्यांची वारंवारता मूळ कंपनाच्या निम्मी असते. मायकेल फॅरेडेने 1831 मध्ये हे नोंदवलं. ‘ओंकाराने पाण्यात श्रीयंत्र उमटतं’ अशी चित्रफीत ज्यांच्या कुटुंबाच्या ग्रुपवर फिरते, त्यांनी हे साल लक्षात ठेवावं. आकृती ठरते ती वारंवारतेवर, कंपनाच्या जोरावर, द्रवावर आणि भांड्याच्या आकारावर. त्याच वारंवारतेला, तेवढ्याच जोराने गाडीचा भोंगा वाजवला तरी पाणी तीच नक्षी काढेल. पाण्याला संस्कृत कळत नाही.

हे सगळं हनोईत जाऊन बघायचं तर एक अडचण आहे. तिथे पर्यटक हौसेने मागवतात ती अंड्याची कॉफी: 1946 च्या सुमारास, दुधाची टंचाई असताना, फेटलेलं पिवळं बलक वर घालून केलेली. तिच्यावरचा जाड फेस लहरी मारून टाकतो. प्रिन्स्टनच्या संशोधकांनी 2015 मध्ये दाखवलं, की बुडबुड्यांचे पाच थरसुद्धा द्रवाचं हिंदकळणं सुमारे दहा पटीने कमी करतात. भिंतीला टेकलेले बुडबुडे घासत सरकतात, त्या घर्षणात ऊर्जा जिरते. मधल्या बुडबुड्यांचा त्यात फारसा हातभार नसतो. बारीक लहरींना तर पातळ पापुद्राही पुरतो. आपल्या स्टेशनातल्या स्टॉलवरचा कटिंग याच कारणाने बाद, कारण दोन मिनिटांत त्यावर साय धरते. तेव्हा कोरी काळी कॉफी मागवा, रुंद तोंडाच्या कपात, आणि बर्फ नको म्हणून आधीच सांगा.