एक किलो, एक शेंगदाणा

सोलापुराहून सायकलने तुळजापूरला निघालं की घाटमाथ्यावर पोचेपर्यंत आपण साधारण दोनशे मीटर वर चढलेलो असतो. सायकल एक किलोने हलकी असती तर या चढात किती ऊर्जा वाचली असती? एक किलो गुणिले ९.८ गुणिले २००, म्हणजे १,९६० ज्यूल. आपले स्नायू खाल्लेल्या अन्नातल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा-पाचवा भाग पेडलपर्यंत पोचवतात. म्हणजे खाण्याच्या हिशेबात ही बचत झाली साधारण दोन किलोकॅलरी. अर्ध्या ग्रॅमच्या एका शेंगदाण्यात जवळजवळ तीन असतात. शेंगाचटणीसाठी प्रसिद्ध असलेल्या गावात एक किलो वजनाची किंमत एक शेंगदाणासुद्धा भरू नये, हे जरा मनाला लागतं.

तरीही मी गेल्या वर्षभरात माझी सायकल १ किलो ६१० ग्रॅमने हलकी केली आणि त्यातल्या बऱ्याच खर्चाचा मला पश्चात्ताप नाही. कारण सगळे ग्रॅम सारखे नसतात.

सायकल जुनी घेतलेली, पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन. आपल्याकडे तिला सरसकट ‘डबल शॉकर’ म्हणतात. पण या नावाखाली दोन अगदी वेगळ्या जाती विकल्या जातात. एका जातीत लोखंडी सांगाडा असतो, मागे नुसती स्प्रिंग असते आणि तिला आवरणारं तेल-पिस्टन काहीच नसतं. वजन सतरा-अठरा किलो किंवा त्याहून जास्त. तशी सायकल असेल तर तिच्यावर पैसे घालू नका, आहे तशी चालवा. दुसऱ्या जातीत अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा आणि खऱ्या अर्थाने काम करणारे शॉक असतात. माझी या दुसऱ्या जातीतली. सामान उचलायच्या लटकत्या काट्यावर ती १५ किलो ४०० ग्रॅम भरली.

पहिले ४८० ग्रॅम एक रुपयाही न घालता कमी झाले. आधीच्या मालकाने बसवलेला स्टँड, चाकाच्या आऱ्यांत अडकवलेले रिफ्लेक्टर, मागच्या दातेरी चकतीमागची प्लॅस्टिकची थाळी, कधीच न वापरलेला बाटलीचा पिंजरा. मागचा लाल रिफ्लेक्टर आणि घंटी तेवढी ठेवली. विजापूर रोडवर रात्री त्यांची गरज पडते.

आता मुद्द्याचं. सस्पेन्शनच्या सायकलीचं वजन दोन हिश्श्यांत मोजायला हवं. स्प्रिंगच्या वरचं, म्हणजे सांगाडा, सीट, हँडल आणि आपण स्वतः. आणि स्प्रिंगच्या खालचं, म्हणजे चाक, टायर, ब्रेकची चकती, पुढच्या फोर्कचा खालचा भाग. हिप्परगा तलावामागच्या मुरमाड वाटेवर ताशी १८ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला पाच मीटरने चाललो आहोत आणि दर अर्ध्या मीटरला एक दगड आहे असं धरा. चाकाला सेकंदाला दहा धक्के बसतात. प्रत्येक दगडावर चढून, उतरून, पुन्हा जमिनीला टेकायला त्याला एक दशांश सेकंद मिळतो. दगड चाकाला वर फेकतो आणि स्प्रिंग त्याला खाली ढकलते. स्प्रिंगचा जोर ठरलेला आहे, म्हणून चाक जितकं जड तितकं ते सावकाश परत येतं. वेळेत आलं नाही तर पुढच्या दगडापर्यंत ते हवेतच असतं, आणि हवेतल्या चाकाला ना पकड असते ना ब्रेक.

माझ्या पुढच्या चाकाखाली-भोवती स्प्रिंगखालचं वजन साधारण साडेतीन किलो होतं. टायर-ट्यूबमधून मी प्रत्येक चाकामागे २८० ग्रॅम कमी केले. माझ्यासकट सगळ्या ८८ किलोंच्या तुलनेत हे ०.३ टक्के, म्हणजे काहीच नाही. पण त्या साडेतीन किलोंच्या तुलनेत हेच २८० ग्रॅम ८ टक्के होतात. फरक चढावर कळला नाही. उतारावर, खडबडीत वळणात, चाक जमिनीला धरून राहतं तिथे तो हाताला कळला.

इथे एक लोकप्रिय गैरसमज निस्तरतो. ‘चाकातला एक ग्रॅम म्हणजे सांगाड्यातले चार-पाच ग्रॅम’ असं सायकलवाले छातीठोकपणे सांगतात. तसं नाही. चाकाच्या कडेवरचं वस्तुमान पुढे सरकतं आणि फिरतंही. दोन्ही मिळून त्याची गतिज ऊर्जा दुप्पट होते, त्याहून जास्त नाही. आणि ती दुप्पटही फक्त वेग वाढवताना जाणवते. एकसारख्या वेगाने घाट चढताना कडेवरचा ग्रॅम हा साधा एक ग्रॅमच असतो.

मग टायरमध्ये २८० ग्रॅम आले कुठून? निम्म्याहून थोडे कमी ट्यूबमधून. ट्यूब २३० ग्रॅमची होती. ती काढून टेप, व्हॉल्व्ह आणि ९० मिलिलिटर सीलंट घातलं, सगळं मिळून ११० ग्रॅम. सीलंट म्हणजे रबराचा चीक आणि त्यात बारीक कण. भोक पडलं की बाहेर धावणारी हवाच चिकाला तिथे ओढून नेते, कण भोकात अडकतात आणि चीक त्यांच्याभोवती गोठतो. सोलापुरात वजनाचा विचार बाजूला ठेवला तरी हे करावं, कारण इथे वाटेवर सराटा आहे आणि बांधावर वेडी बाभूळ. ट्यूब असताना एका रविवारी मी चार पंक्चर काढली आहेत. मात्र आपल्या उन्हाळ्यात चीक लवकर वाळतो. दोन-तीन महिन्यांनी टायर हलवून आत काही खळखळतंय का ते ऐकायचं.

उरलेले १६० ग्रॅम टायरच्या कापडातून आले. टायर हे मुळात कापड आहे, रबर त्यावरचा लेप, हे मला शेजारच्या काकांमुळे नीट समजलं. त्यांचं आयुष्य यंत्रमागावर गेलं. मी फाटका टायर टाकायला निघालो होतो, तो त्यांनी घेतला, कडेचं रबर नखाने सोललं आणि धागे मोजायचं भिंग लावलं.

‘‘याला बाणा कुठाय ओ? नुसता ताणाच हाय.’’

बरोबर होतं. ताणा म्हणजे कापडातले उभे धागे, बाणा म्हणजे आडवे. सुरुवातीचे हवेचे टायर खरंच विणलेल्या कापडाचे असत. पण टायर प्रत्येक फेऱ्यात चेपतो आणि फुगतो, त्यामुळे उभे-आडवे धागे एकमेकांवर घासून तुटायचे. म्हणून आता एका थरात सगळे धागे एकाच दिशेने, तिरपे ठेवतात. त्यावर दुसरा थर उलट्या तिरप्या दिशेने. मध्ये रबर. धाग्याला धागा घासतच नाही.

टायरवर ‘टीपीआय ६०’ किंवा ‘१२०’ असं छापलेलं असतं, ते म्हणजे इंचाला किती धागे. चादरीच्या गावात हे वेगळं समजवायला नको. काउंट वाढला की सूत बारीक आणि तितक्याच जागेत धागे जास्त. बारीक धाग्यांमधल्या फटी लहान, त्या भरायला रबर कमी लागतं, म्हणून टायर हलका आणि लवचिक होतो. खडबडीत रस्त्यावर असा टायर दगडाभोवती वळतो आणि कमी ऊर्जा खातो. (काही कंपन्या दोन-तीन थरांतले धागे एकत्र मोजून मोठा आकडा छापतात. काकांना ते सांगितल्यावर त्यांनी फक्त मान हलवली, असे व्यापारी त्यांनी पाहिलेले होते.) त्यात कडेला पोलादी तारेऐवजी घडी घालता येणारा अ‍ॅरामिड धागा असला की आणखी वजन उतरतं. तोटाही सरळच आहे, पातळ कापड दगडावर लवकर कापलं जातं. मी १२० च्या मोहात पडलो नाही. ६० चाच, पण घडीचा टायर घेतला, ९८० ऐवजी ८२० ग्रॅमचा.

मागचा स्प्रिंगचा शॉक काढून जुन्या बाजारातला हवेचा बसवला, तेव्हा एका फटक्यात ४२० ग्रॅम गेले. तो घेताना लांबी आणि दांड्याची चाल मिलिमीटरमध्ये जुळवून घ्यावी लागते, नाहीतर चाक सीटवर आपटेल. पण पोलादाच्या जागी हवा आली की हवामानही आलं. डिसेंबरच्या सकाळी १५ अंशाला मी शॉकमध्ये १५० पीएसआय दाबाची हवा भरली. मे महिन्यातल्या दुपारी ४२ अंशाला त्याच हवेचा दाब साधारण पंधराने वाढतो, कारण बंद जागेतल्या हवेचा दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात चढतो. मागचा भाग टणक वाटू लागला तेव्हा मला आधी शॉक बिघडल्याचीच शंका आली होती.

सीटमधून १५० ग्रॅम गेले. बाकी मोह आवरले, आणि त्यासाठी मी एकच भागाकार करत होतो, रुपये भागिले ग्रॅम. ट्यूब काढण्याला ग्रॅममागे दहा रुपये पडले, टायरला आणि शॉकला सतरा-अठरा. टायटॅनियमच्या बोल्टांना पंच्याहत्तर पडले असते. मागच्या दातेरी चकत्यांचा संच पोलादी असतो, बारा गिअरचा असेल तर सहाशे ग्रॅमच्या घरात. त्यातल्या मोठ्या चकत्या अ‍ॅल्युमिनियमच्या घेतल्या तर सव्वाशे ग्रॅम वाचतात, तेही स्प्रिंगखालचे. पण मला सांगितलेली किंमत पाच आकडी होती, आणि अ‍ॅल्युमिनियमचे दाते आपल्या धुळीत लवकर झिजतात.

एक गोष्ट फुकट असूनही करू नका, ड्रिलने भोकं पाडणं. १९७० च्या दशकात शर्यतीच्या सायकलींवर ही फॅशन होती. ताणाखालच्या पट्टीत गोल भोक पाडलं की भोकाच्या कडेला ताण तिप्पट होतो, हे कीर्श या जर्मन अभियंत्याने १८९८ सालीच गणिताने दाखवलं होतं. भोक कितीही लहान असो, तिप्पटच. त्यातून अ‍ॅल्युमिनियमला थकव्याची खालची मर्यादा नसते, म्हणजे ज्याखालच्या धक्क्यांनी धातू थकतच नाही अशी पातळी नसते. लहान लहान धक्केसुद्धा मोजले जातात आणि एक दिवस तुकडा पडतो. हँडल, त्याला धरणारा स्टेम आणि ब्रेक यांच्यात मी एक ग्रॅमही शोधला नाही.

शेवटी काटा १३ किलो ७९० वर आला. काकांना दाखवला, घरी दाखवला.

मग जूनमधला पहिला मोठा पाऊस झाला आणि मी दुसऱ्या दिवशी जवळची वाट म्हणून काळ्या रानातून सायकल घातली. काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याचे कण पापुद्र्यांचे असतात, पाणी त्या पापुद्र्यांच्या मध्ये शिरतं, माती फुगते आणि भाकरीच्या पिठासारखी चिकट होते. पन्नास मीटरमध्ये पुढचं चाक फोर्कमध्ये आणि मागचं सांगाड्यात गच्च अडकलं. कडब्याच्या ताटाने जमेल तेवढं खरवडून मी सायकल खांद्यावर टाकली आणि डांबरी गाठली.

घरी आल्यावर धुवायच्या आधी उत्सुकता म्हणून ती काट्याला लटकवली. चष्मा चिखलाने भरला होता, म्हणून आकडा काकांनी वाचला.

‘‘सतरा किलो तीनशे. वाढलं की ओ!’’