उंच गवत, डायोरामातील

लघुप्रमाणातील प्रतिकृतींच्या देखाव्यात, म्हणजे डायोरामात, घोट्याच्या वर ते पुरुषभर उंचीपर्यंतचे गवत कृत्रिम वा नैसर्गिक तंतूंनी उभे करण्याची कारागिरी. जमिनीसरशी हिरवळ हा वेगळा विषय आहे. तेथे रंग आणि पोत साधला की काम भागते; उंच गवतात मात्र प्रत्येक काडी सुटी दिसते आणि तिची उंची, जाडी, झुकाव व बुंधा हे सर्व डोळ्यांना तपासता येते. लष्करी प्रतिकृती (मुख्यतः १:३५, १:४८ व १:७२) आणि रेल्वे प्रतिकृती (१:८७, १:७६, १:१६०) या दोन क्षेत्रांत ही कारागिरी विशेष वाढली.

उगम : तिचे मूळ कोणत्या परंपरेत शोधावे, याविषयी एकमत नाही. पॅरिसमध्ये १८२२ साली सुरू झालेल्या लुई दाग्येरच्या डायोरामात रंगवलेल्या भव्य पडद्यांवर प्रकाश बदलून देखावे दाखवीत. गवत अर्थातच चित्रातले होते, त्यामुळे ती परंपरा येथे बाजूला ठेवावी लागते. दुसरे मत निसर्ग-संग्रहालयांकडे बोट दाखवते. कार्ल एकलीने मिलवॉकी येथील संग्रहालयासाठी १८९० मध्ये मस्करॅट या पाणथळीतील प्राण्याचा अधिवास-देखावा उभारला, आणि त्यानंतर अशा दालनांतून कृत्रिम व वाळवलेल्या वनस्पती मांडण्याचे कसब पुष्कळ पुढे गेले. परंतु हे देखावे प्रत्यक्ष आकाराचे असतात. तेथे गवताचे पाते गवताइतकेच जाड चालते. लघुप्रमाणातील मुख्य अडचण तेथे उद्‌भवतच नाही.

तिसरे मत फ्रान्समधील तटबंदीच्या शहरांच्या उठाव-प्रतिकृतींपासून सुरुवात मानते. चौदाव्या लुईचा मंत्री लूव्हा याच्या पुढाकाराने १६६८ पासून १:६०० या प्रमाणात हा संग्रह तयार होऊ लागला. त्यात शेते व कुरणे दाखवण्यासाठी बारीक कातरलेले रेशीम गोंदावर पसरलेले आढळते. चिकट पृष्ठभागावर कातरलेले तंतू टाकायचे हेच तत्त्व सतराव्या शतकातील लोकरी भुरका लावलेल्या भिंत-कागदांतही होते, आणि विसाव्या शतकात कापड उद्योगाने त्याला विद्युत्‌भाराची जोड दिली. रेल्वे-प्रतिकृतीकार बराच काळ रंगवलेला लाकडी भुसा वापरीत. भारित तंतू त्यांच्याकडे साधारणतः विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळले असावेत. आधी दाबल्यावर तंतू बाहेर टाकणाऱ्या प्लॅस्टिकच्या बाटल्या होत्या, ज्यांत घर्षणाने थोडा भार निर्माण होई. पुढे उच्च व्होल्टतेची हातयंत्रे आली. नॉख या जर्मन कंपनीचे ‘ग्रास-मास्टर’ हे त्यांपैकी सुपरिचित यंत्र होय. तंत्राची ही सलगता पाहता तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते. हाताने लावायच्या काड्यांची परंपरा मात्र स्वतंत्र असावी. तिच्यावर संग्रहालयांचा प्रभाव नाकारता येत नाही.

उंची व जाडी : उंचीचे गणित सोपे आहे. गुडघाभर, म्हणजे ५० सेंमी. गवत १:३५ मध्ये सुमारे १४ मिमी., १:७२ मध्ये ७ मिमी., १:८७ मध्ये पावणेसहा मिमी. आणि १:१६० मध्ये जेमतेम ३ मिमी. भरते. बाजारात मिळणारे भारित तंतू बहुधा २, ४, ६ व १२ मिमी. लांबीचे असतात. म्हणजे १:८७ मध्ये १२ मिमी. तंतू कमरेपर्यंत पोचतो, तर १:३५ मध्ये तोच ४२ सेंमी.वर थांबतो. लष्करी देखाव्यात कमरेइतके गवत हवे असेल तर यंत्र पुरत नाही, ते यामुळेच.

जाडीकडे दुर्लक्ष होते, आणि देखावा खोटा दिसतो तो बहुतेक वेळा जाडीमुळे. सामान्य कुरणी गवताचे पाते २ ते ६ मिमी. रुंद असते. २२ डेसिटेक्सचा, म्हणजे दहा हजार मीटर लांबीला २२ ग्रॅम भरणारा, नायलॉन तंतू (घनता १.१४ धरून) व्यासाने सुमारे ०.०५ मिमी. भरतो. १:३५ मध्ये त्याची रुंदी पावणेदोन मिमी.इतकी होते, म्हणजे किंचित नाजूक; १:७२ मध्ये ३.६ मिमी. व १:८७ मध्ये ४.४ मिमी., म्हणजे अगदी योग्य. १:१६० मध्ये ८ मिमी., म्हणजे भरड. आता ०.२ मिमी. जाडीची काथ्याची वा घायपाताची काडी घ्यावी. १:३५ मध्ये ती ७ मिमी. रुंदीचे दणकट, पण पटणारे पाते ठरते. १:८७ मध्ये तीच पावणेदोन सेंमी. रुंद होते आणि शेजारी उभ्या माणसाच्या बोटाशी स्पर्धा करू लागते. म्हणून तंतू निवडताना आधी जाडी मोजावी. वीस काड्या पट्टीवर एकमेकींना खेटून ठेवाव्यात, एकूण रुंदीला वीसने भागावे आणि येणारा आकडा प्रमाणाच्या छेदाने गुणावा. लांबी कात्रीने कमी करता येते, जाडी नाही.

भारित तंतूंची पद्धत : हातयंत्रात साधारण १० ते २० किलोव्होल्ट निर्माण होतात. एक टोक तंतूंच्या डब्याच्या धातूच्या जाळीला, दुसरे चिमट्याने ओल्या गोंदात रोवलेल्या खिळ्याला जोडतात. जाळीतून सुटणारा तंतू भारित होतो, विद्युत्‌क्षेत्राच्या रेषेत वळतो आणि टोकावर गोंदात रुततो. समान भाराचे तंतू एकमेकांना दूर सारतात म्हणून ते उभे व सुटे राहतात. यात गोंद हा विद्युत्‌मंडलाचा भाग असतो, ही गोष्ट अनेकदा लक्षात येत नाही. पाण्यात मिसळणारा पांढरा पीव्हीए गोंद ओला असेतो वाहक असतो, वाळला की नाही. सायनोअॅक्रिलेट (क्षणात चिकटणारा गोंद) किंवा द्रावकयुक्त गोंदावर तंतू आडवे पडतात, कारण भार वाहून जायला वाट मिळत नाही. थर्मोकोलचा तळ रोधक असल्याने खिळा फोममध्ये नव्हे, तर गोंदाच्या थरातच टेकला पाहिजे, आणि दर १० ते १५ सेंमी.वर त्याची जागा बदलावी.

गोंदाचा थर सुमारे १ मिमी. ठेवतात. २ व ४ मिमी. तंतूंसाठी थोडे पाणी घातलेला गोंद चालतो, १२ मिमी.साठी तो घट्टच हवा, नाहीतर तंतू रुततो पण स्वतःच्या वजनाने कलंडतो. एका वेळी तळहाताएवढ्याच भागावर गोंद लावावा, कारण पाच-दहा मिनिटांत त्यावर साय धरते आणि मग टोक आत जात नाही. जाळी गोंदापासून २ ते ५ सेंमी.वर धरून यंत्र हलके हलवतात. अंतर वाढले की क्षेत्र क्षीण होते. जाळी गोंदाला टेकली तर ठिणगी उडून यंत्र बंद पडू शकते. लगेच तळ उलटा करून बोटाने ठोकावा, म्हणजे न रुतलेले तंतू गळतात आणि उरलेले आणखी ताठ होतात. बारा तासांनी, व्हॅक्यूमच्या तोंडावर पातळ मोजा ताणून बाकीचे ओढून घेतल्यास ते पुन्हा वापरता येतात.

एकाच लांबीचे तंतू एकदाच टाकले की गालिचा तयार होतो, कुरण नाही. म्हणून आधी २ मिमी. तपकिरी वा पेंढ्याच्या रंगाचा थर, त्यात ४ मिमी. मिसळून, तो वाळल्यावर टोकांवर फवारणीचा गोंद किंवा केसांचा स्प्रे हलका मारून ६ मिमी.; शेवटी १२ मिमी. तुरळक. दुसऱ्या थरात तंतू पहिल्याच्या टोकाला चिकटतो, त्यामुळे गवत वर विरळ आणि खाली दाट दिसते, जसे ते वाढते. वरचा थर सर्वत्र देऊ नये. पाणी साचण्याच्या जागा, दगडांचा आडोसा, कुंपणाची कड येथे तो दाट असावा; वाटेकडे येताना विरळ व्हावा.

हाताने लावायचे झुपके : १:३५ मधील उंच गवतासाठी हीच मुख्य पद्धत आहे, आणि वेळखाऊ असली तरी तिला पर्याय नाही. घायपाताचा किंवा ज्यूटचा दोर ४ ते ६ सेंमी.च्या तुकड्यांत कापून पीळ उलगडतात. दोरात तेल असते, त्यामुळे रंग व गोंद धरत नाही; म्हणून भांडी धुण्याच्या द्रवाचे काही थेंब घातलेल्या पाण्यात तो दहा मिनिटे उकळावा. ओला असतानाच विंचरून, खालच्या टोकाला वजन बांधून टांगला की पिळाचा कुरळेपणा जातो. ही पायरी गाळली तर काड्या नागमोडी राहतात आणि गवताऐवजी दोर उसवल्यासारखा दिसतो.

वाळल्यावर ८ ते १५ काड्यांचा पुंजका घेऊन मुळाकडची टोके समपातळीत आणतात. शेंडे कधीही समपातळीत कापू नयेत. शेंडा उंचसखल करण्यासाठी पुंजक्यातील काही काड्या चिमट्याने वर ओढतात किंवा कात्री उभी धरून टोके छाटतात. बुंधा पीव्हीएत बुडवून मेणकागदावर वाळवतात, आणि जमिनीत १ ते १.५ मिमी.चे तिरके भोक पाडून गोंदासह रोवतात. भोक काटकोनात पाडले तर सर्व झुपके झाडूसारखे उभे राहतात. बुंध्याशी गोंद चमकतो. तो ओला असतानाच चाळलेली कोरडी माती व २ मिमी. तंतू टाकून झाकावा. झुपक्यांमधील जागेत वाळून पडलेल्या काड्या, म्हणजे ५ ते १० मिमी.चे आडवे तुकडे, विखुरल्याखेरीज जुने गवत वाटत नाही.

वाहन गेलेल्या जागी गवत प्रवासाच्या दिशेने झोपते, चाकोरीच्या कडेला बाहेरच्या बाजूने कलते आणि दोन चाकांच्या मधले उभे राहते, फक्त शेंडे वाकलेले. पात्याची खालची बाजू फिकट असल्याने ताजी चाकोरी आसपासच्या गवताहून उजळ दिसते. ही रचना गोंद अर्धवट वाळला असताना, प्रतिकृतीचीच चाके दाबून करतात. आधी चाकांवर पातळ प्लॅस्टिक गुंडाळावे.

केसाळ कापड : मोठे क्षेत्र भरायचे असेल तर २० ते ३० मिमी. लवीचे कृत्रिम फरचे कापड वापरतात. ते मागून ब्लेडने फक्त विणीपुरतेच कापावे. कात्रीने कापल्यास लवही तुटते आणि कडेला सरळ पट्टा दिसतो. लव वर ठेवून चिकटवण्यापेक्षा उलटी पद्धत सरस आहे : कापड लवीकडून गोंदात दाबायचे, पूर्ण वाळू द्यायचे आणि मग पाठीची वीण कातरून काढायची. तंतू जमिनीत उरतात, विणीची जाडी उरत नाही, आणि उंचीही आपोआप असमान होते. रंग पातळ अॅक्रिलिकचा द्यावा आणि वाळताना सतत विंचरावे, नाहीतर लव जटा धरते.

रंग : तयार तंतूंचा हिरवा बहुतेकदा फार शुद्ध असतो. तीन भाग पेंढ्याचा रंग, दोन भाग मंद हिरवा व एक भाग तपकिरी हे मिश्रण कोरड्या ऋतूच्या कुरणास योग्य. ओल्या ऋतूत प्रमाण उलटते, तरी बुंध्याशी पेंढा राहतोच. मिश्रण पूर्ण एकजीव करू नये, थोडे ठिगळासारखे ठेवावे. नायलॉनची चकाकी मॅट वार्निशच्या फवाऱ्याने मारावी लागते. द्रावकाचा फवारा उघड्या थर्मोकोलला विरघळवतो, म्हणून तळ आधी प्लास्टर वा अॅक्रिलिकने बंद करावा.

तुरे व रुंद पाती : फुलोऱ्यासाठी काडीचा वरचा ३ ते ५ मिमी. भाग गोंदात भिजवून बारीक फोमच्या भुकटीत फिरवतात. तुरे सर्व काड्यांना नकोत. दहांत दोन-तीन पुरे. देवनळ वा पाणकणसाची पाती तंतूंनी साधत नाहीत; २ ते ३ सेंमी. रुंद पाते १:३५ मध्ये ०.६ ते ०.८५ मिमी. होते, ते पातळ कागदाचे कापून मऊ गादीवर सुईने मधली शीर उमटवतात. पाणकणसाचे कणीस म्हणजे काडीवर गोंदाचे दोन-तीन थर व वर तपकिरी रंग.

दोष : तंतू आडवे पडणे हे सायीचे किंवा तुटलेल्या जोडणीचे लक्षण. गुठळ्या पडल्या तर तंतू दमट आहेत. मात्र अगदी कोरड्या हवेतही ते नीट भारित होत नाहीत, आणि कापड उद्योगात यासाठी आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास राखतात. पातळ फळी ओल्या गोंदाने वाकते; तिच्या दोन्ही बाजू आधी रंगवून घ्याव्यात. हृदयात पेसमेकर असलेल्यांनी हे यंत्र हाताळू नये. रेल्वे-देखाव्यावरील इंजिने व इलेक्ट्रॉनिक भाग काम सुरू करण्यापूर्वी काढून ठेवावेत.

जतन : खरे वाळवलेले गवत व मुळे प्रमाणात चपखल बसत असली तरी हिरवा रंग टिकत नाही आणि कीड लागते. एक भाग ग्लिसरीन व दोन भाग पाणी यांत मुरवल्यास काड्या लवचिक राहतात, रंग मात्र तपकिरीकडे झुकतो. कृत्रिम तंतूंचे रंगही थेट उन्हात उडतात. धूळ मऊ ब्रशने बुंध्याकडून शेंड्याकडे झटकावी.