जर्मन शिपायाचा फोटो ओळखायचाय? बिल्ल्याआधी कापड बघा

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पायदळाच्या शिपायाचा फोटो हातात आला की सगळे आधी छातीवरची पदकं बघतात, पण खरं सांगायचं तर पदकं नंतर बघितली तरी चालतात. कोटच आधी वर्ष सांगतो.

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. प्रशिया म्हणजे जर्मनीतलं सगळ्यात मोठं राज्य, त्याचं सैन्य पूर्वी गडद निळ्या रंगात लढायचं, पण बिनधुराची बारूद आली, लांबवरून नेम धरता यायला लागला आणि तो निळा रंग जीवघेणा ठरायला लागला. मग 1910 च्या सुमारास करडा-हिरवट ‘फेल्डग्राऊ’ रंग आला. (ब्रिटिशांनी खाकी वापरायला सुरुवात केली ती एकोणिसाव्या शतकात, आपल्याकडे हिंदुस्थानातच.) पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला डोक्यावर ती टोकवाली चामड्याची टोपी होती, पण तोफेच्या तुकड्यांपुढे चामडं काय टिकणार, म्हणून 1916 मध्ये फ्रान्समधल्या व्हर्दूनच्या लढाईत पोलादी हेल्मेट आलं, फ्रीडरिश श्वेर्डने डिझाइन केलेलं, मान आणि कान झाकणारं. पुढच्या युद्धातलं हेल्मेट त्याच घराण्यातलं, फक्त आकार लहान.

आता कोट. 1936 चा कोट म्हणजे शिंप्याने मन लावून शिवलेला: गडद हिरवी कॉलर, चार खिसे, प्रत्येकावर चुणी आणि टोकदार फ्लॅप. 1940 पासून कॉलर पण फेल्डग्राऊच झाली. मग लोकर कमी पडायला लागली, कापडात रेयॉन (कृत्रिम धागा) आणि जुनी पिंजलेली लोकर मिसळायला लागली, ते कापड लवकर ढिलं पडायचं म्हणून 1941 च्या सुमारास समोर पाचऐवजी सहा बटणं आली. 1942 मध्ये खिशाच्या चुण्या गेल्या, 1943 मध्ये फ्लॅप सरळ कापले गेले, आणि 1944 मध्ये तर कोट कमरेपाशीच संपला, फक्त दोन खिसे, बराचसा ब्रिटिशांच्या बॅटलड्रेससारखा. हेल्मेटचंही तसंच, 1935 च्या हेल्मेटची कडा आत वळवलेली, 1942 च्या हेल्मेटची नुसती बाहेर ओढून सोडलेली, म्हणजे कारखान्यातलं एक काम वाचलं. एक सावध राहा मात्र, जुना कोट लगेच फेकून देत नसत, त्यामुळे 1944 च्या फोटोत 1940 चा कोट दिसू शकतो, पण 1940 च्या फोटोत 1943 चा कोट दिसला तर फोटोवरची तारीख चुकलीय किंवा कोणीतरी हौशी नाटक करतंय.

मग पायदळ कसं ओळखायचं? खांद्यावरच्या पट्टीची किनार पांढरी असते, तोफखान्याची लाल, रणगाड्यांची गुलाबी. काळ्या-पांढऱ्या फोटोत गुलाबी आणि पांढरी जवळजवळ सारखीच दिसते, इथे भलेभले फसतात. गरुडाचं चिन्ह छातीच्या उजव्या बाजूला असेल तर साधं सैन्य, डाव्या बाहीवर असेल तर वाफन-एसएस, म्हणजे नाझी पक्षाच्या एसएस संघटनेची लढाऊ फौज. बेल्टच्या बकलवर सैन्याला ‘गॉट मिट उन्स’, म्हणजे देव आमच्याबरोबर, आणि हा मजकूर हिटलरच्याही आधीचा, प्रशियाचा. बकलच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन कप्प्यांची चामडी पाकिटं, एका कप्प्यात दहा काडतुसं, म्हणजे रायफलवाल्याकडे साठ. पाठीमागे घड्या पडलेला पत्र्याचा डबा दिसतो तो गॅसमास्कचा, पाण्याचा किंवा जेवणाचा नाही. आणि छपाईचं तिकोनी कापड अंगावर घेतलेलं असेल तर तो तंबूचा तुकडा, असे चार जोडले की चौघांचा तंबू.

पदकांमध्ये माझं लाडकं म्हणजे 1941-42 च्या रशियातल्या हिवाळ्याचं. दुसऱ्या बटणाच्या काजातून लाल फीत, मधे पांढरी-काळी-पांढरी रेघ. शिपायांनी त्याला नाव दिलं ‘गोठलेल्या मटणाचं पदक’. डाव्या खिशावर रायफल आणि पानांची महिरप असलेला अंडाकृती बिल्ला दिसला तर तो पायदळाचा हल्ल्याचा बिल्ला, 20 डिसेंबर 1939 ला सुरू झालेला, तीन वेगवेगळ्या दिवशी तीन हल्ल्यांत भाग घेतला तर मिळायचा. जखमेचा बिल्ला काळा असेल तर एक-दोन जखमा, रुपेरी तीन-चार, सोनेरी पाच किंवा जास्त. लोखंडी क्रॉस 1813 चा, नेपोलियनविरुद्धच्या लढाईतला, हिटलरने 1 सप्टेंबर 1939 ला पुन्हा सुरू केला. पश्चिम जर्मनीने 1957 मध्ये ही पदकं घालायला परवानगी दिली, पण स्वस्तिक काढून, त्यामुळे बाजारात ‘1957 वाली’ अशी वेगळी जात आहे.

याच करड्या कोटासमोर इटलीत आपले मराठा लाइट इन्फन्ट्रीचे लोक उभे होते, नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 ला तिथेच पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

आणि नाव? ते कोटावर कुठेच नसतं. गळ्यात एक अंडाकृती पत्र्याची चकती असायची, मधून छिद्रांची रेघ, मेला की खालचा अर्धा भाग तोडून घ्यायचे, वरचा देहाबरोबर राहायचा. त्या चकतीवर तुकडी आणि नंबर असतो, पण ती तुकडी बऱ्याचदा त्याला भरती झाल्यावर मिळालेली ट्रेनिंगची, तो शेवटी कुठे लढला ते त्यावर नसतंच.