संगीत नाटक अकादमी पुरस्कार

संगीत, नृत्य आणि नाट्य या प्रयोगकलांसाठी भारत सरकारच्या संगीत नाटक अकादमीतर्फे दिला जाणारा राष्ट्रीय सन्मान. नावात संगीत आधी येत असले तरी नर्तक, नट, दिग्दर्शक, कळसूत्री बाहुल्यांचे कलावंत, लोककलावंत आणि कलाभ्यासक हेही त्याचे मानकरी असतात. या नोंदीत मुख्यतः संगीताच्या अंगाने विचार केला आहे.

अकादमी स्थापण्याचा ठराव केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ३१ मे १९५२ रोजी केला. पहिले अध्यक्ष डॉ. पी. व्ही. राजमन्नार. औपचारिक उद्‌घाटन राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते २८ जानेवारी १९५३ रोजी झाले. पुरस्कारांची गणना मात्र १९५२ पासून होते. पहिल्या वर्षी संगीताचे चारच मानकरी होते : मुश्ताक हुसेन खाँ (हिंदुस्थानी गायन), अल्लाउद्दीन खाँ (हिंदुस्थानी वादन), अरियाकुडी रामानुज अय्यंगार (कर्नाटक गायन) आणि कारैकुडी सांबशिव अय्यर (वीणा). पुढच्याच वर्षी हिंदुस्थानी गायनाचा पुरस्कार केसरबाई केरकरांना मिळाला. जुन्या मराठी लेखनात ‘राष्ट्रपतिपदक’ असा उल्लेख आढळतो, तो अनेकदा याच सन्मानाचा असतो. चित्रपटांनाही त्या काळी राष्ट्रपतींची पदके मिळत, त्यामुळे असा उल्लेख दिसला की तो कोणत्या पदकाचा, हे तपासूनच पुढे जावे.

अकादमीचे सन्मान एकाच पायरीचे नाहीत. सर्वांत वरचा सन्मान म्हणजे रत्नसदस्यत्व (इंग्रजीत फेलोशिप). एका वेळी हयात रत्नसदस्यांची संख्या ४० पेक्षा जास्त असू शकत नाही, म्हणून काही वर्षी चार, काही वर्षी सहा अशी मोजकीच नावे निघतात. त्यासोबत तीन लाख रुपये मिळतात. वार्षिक अकादमी पुरस्काराची रक्कम एक लाख असून ताम्रपत्र आणि अंगवस्त्र दोन्ही सन्मानांना असते. चाळिशीच्या आतल्या कलावंतांसाठी २००६ मध्ये उस्ताद बिस्मिल्ला खाँ युवा पुरस्कार सुरू झाला, त्याची रक्कम २५ हजार रुपये. याखेरीज दोन प्रासंगिक सन्मान झाले. एक रवींद्रनाथांच्या दीडशेव्या जयंतीनिमित्तचा टागोर सन्मान आणि दुसरा स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवातला अमृत पुरस्कार. पंचाहत्तरी ओलांडलेल्या, पण तोवर एकही राष्ट्रीय सन्मान न मिळालेल्या कलावंतांसाठी हा दुसरा होता. १६ सप्टेंबर २०२३ रोजी विज्ञान भवनात तो ८४ जणांना देण्यात आला. आयुष्यभर वाजवूनही यादीबाहेर राहिलेले इतके लोक एकदम निघावेत, यातच नेहमीच्या निवडीवरचा शेरा आहे.

पुरस्कार आणि रत्नसदस्यत्व यांत बहुधा मोठे अंतर असते. गंगूबाई हनगलांना पुरस्कार १९७३ चा आणि रत्नसदस्यत्व १९९६ चे. भीमसेन जोशींच्या बाबतीत ही वर्षे १९७५ आणि १९९८, तर किशोरी आमोणकरांच्या बाबतीत १९८५ आणि २००९. किशोरीताईंच्या मातोश्री मोगूबाई कुर्डीकर यांचा पुरस्कार १९६८ चा आहे. कलावंताच्या परिचयात ‘अकादमीने दोनदा गौरवले’ असे मोघम वाक्य दिसले, तर हे दोन वेगळे सन्मान आहेत हे ओळखावे. तोच पुरस्कार दोनदा मिळालेला नसतो.

मानकऱ्याच्या नावापुढचा विभाग वाचायला विसरू नये. संगीतात हिंदुस्थानी गायन, हिंदुस्थानी वादन, कर्नाटक गायन आणि कर्नाटक वादन हे मुख्य रकाने. वादनात वाद्याचे नाव कंसात येते. सुगम संगीत, रवींद्र संगीत, गुरबानी यांसारख्या गोष्टी ‘संगीताच्या अन्य प्रमुख परंपरा’ या रकान्यात जातात, तर लोकसंगीताचा रकाना पूर्ण वेगळा असून तो लोक व पारंपरिक कलांत मोडतो. म्हणून लावणी गायिका यमुनाबाई वाईकर यांचे नाव १९९५ च्या यादीत संगीताखाली शोधल्यास सापडणार नाही, लोककलांखाली सापडेल. त्याच वर्षी पंडवानीसाठी, म्हणजे महाभारतकथा गाऊन सांगण्याच्या छत्तीसगडी लोककलेसाठी, तीजनबाईंचा गौरव झाला. मराठी वाचकाला सगळ्यात खटकणारे उदाहरण बालगंधर्वांचे. ज्यांच्या पदांसाठी रात्ररात्र नाट्यगृहे भरत, त्यांना १९५५ चा पुरस्कार मिळाला तो अभिनयाचा. संगीत रंगभूमीचा गायक-नट या रकान्यांत कुठेच नीट बसत नाही. त्याला गायनात घातले तर नाटक सुटते, अभिनयात घातले तर गाणे सुटते.

निवडीचा अंतिम अधिकार अकादमीच्या महापरिषदेचा. तिच्यावर केंद्राने नेमलेले सदस्य, राज्ये व केंद्रशासित प्रदेश यांचे प्रतिनिधी आणि कलाक्षेत्रातली मंडळी असतात. सगळ्या विभागांचे मिळून वर्षाला साधारण चाळीस पुरस्कार निघतात. त्यात नृत्यशैली, नाट्यविभाग, लोककला आणि अभ्यासक वगळले की हिंदुस्थानी गायनाच्या वाट्याला एक-दोनच जागा उरतात. देशभरातली घराणी, ख्यालाशिवाय धृपद आणि ठुमरी, सगळे त्या एक-दोन जागांसाठी खोळंबलेले. साठी-सत्तरीतल्या गवयाला पुरस्कार मिळाला की लोक ‘उशिराच मिळाला’ म्हणतात, त्यामागे बहुतेक वेळा हेच गणित असते.

सर्वाधिक चुका होतात त्या वर्षाच्या बाबतीत. पुरस्काराचे वर्ष, निवडीचे वर्ष आणि प्रदानाचे वर्ष ही तीन वेगवेगळी असू शकतात. २०१८ चे मानकरी महापरिषदेने २६ जून २०१९ रोजी गुवाहाटीच्या बैठकीत निवडले. रत्नसदस्यांत तबलावादक झाकीर हुसेन यांचे नाव होते. प्रदान मात्र उपराष्ट्रपती व्यंकय्या नायडू यांच्या हस्ते ९ एप्रिल २०२२ रोजी झाले. २०१९, २०२० आणि २०२१ या तीन वर्षांची निवड नोव्हेंबर २०२२ मध्ये एकत्रच उरकली व २३ फेब्रुवारी २०२३ रोजी पुरस्कार दिले गेले. उलट २०२२ आणि २०२३ च्या मानकऱ्यांची निवड फेब्रुवारी २०२४ च्या उत्तरार्धातल्या बैठकीत झाली आणि ६ मार्चला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते समारंभही पार पडला. म्हणजे एकदा जवळपास तीन वर्षे थांबावे लागले, तर एकदा पंधरा दिवसही लागले नाहीत. वृत्तपत्रांत बातमी प्रदानाच्या दिवशी येते, आणि तिथूनच कलावंताच्या परिचयपत्रात चुकीचे वर्ष शिरते. लिहिण्याची बिनचूक रीत अशी : ‘संगीत नाटक अकादमी पुरस्कार, २०१९ (प्रदान २०२३)’. विभाग आणि वाद्य जोडले तर अधिक चांगले.

प्रदान समारंभ राष्ट्रपती भवनात किंवा विज्ञान भवनात होतो. मानकऱ्याचे नाव पुकारले जाते, कामगिरीचा थोडक्यात उल्लेख होतो, आणि अंगवस्त्र व ताम्रपत्र दिले जाते. एकेकाच्या वाट्याला जेमतेम काही क्षण येतात, आणि तेथे कोणी गात-वाजवत नाही. कला दिसते ती नंतरच्या महोत्सवात. पुरस्कारांना जोडून मानकऱ्यांचे कार्यक्रम ठेवण्याची प्रथा आहे. अकादमीचे कार्यालय नवी दिल्लीत फिरोजशाह रोडवरच्या रवींद्र भवनात आहे. साहित्य अकादमी आणि ललित कला अकादमीही त्याच वास्तूत असून तेथलेच मेघदूत रंगमंच संकुल अशा कार्यक्रमांसाठी वापरले जाते. रसिकाने खरे तर समारंभाऐवजी या महोत्सवाची तारीख टिपून ठेवावी.

हा पुरस्कार पद्म सन्मानांहून वेगळा आहे. पद्म सन्मानांचे काम गृह मंत्रालय पाहते, तर अकादमी संस्कृती मंत्रालयाच्या कक्षेत येते. मध्य प्रदेश सरकारचा तानसेन सन्मानही वेगळा. खरा घोटाळा होतो तो राज्यांच्या अकादम्यांमुळे. उत्तर प्रदेश आणि केरळ यांच्या संस्थांच्या नावातही ‘संगीत नाटक अकादमी’ हेच शब्द आहेत आणि त्यांचे स्वतःचे पुरस्कार आहेत. परिचयात राज्याचे नाव गळाले की राज्य पुरस्कार आपोआप राष्ट्रीय होऊन बसतो.

सन्मान नाकारणारे आणि परत करणारेही झाले. सतारवादक विलायत खाँ यांनी १९९५ मध्ये अकादमीचा सन्मान घेतला नाही, पुढे २००० मध्ये पद्मविभूषणही नाकारले. नाट्यकर्मी माया कृष्ण राव यांनी २०१५ मध्ये आपला पुरस्कार निषेध म्हणून परत केला.