पाठनिरीक्षण

पाठ चालू असताना वर्गात बसून त्याची ठरावीक पद्धतीने नोंद घेणे आणि त्या नोंदीवरून अध्यापनाची प्रत ठरवणे, याला पाठनिरीक्षण म्हणतात. प्रत ठरवण्याच्या वर्णनात्मक तक्त्याला श्रेणीनिकष किंवा सरळ रुब्रिक म्हटले जाते. रुब्रिक हा शब्द लॅटिनमधील तांबड्या गेरूच्या नावावरून आला. हस्तलिखितांतील तांबड्या शाईच्या मथळ्यांमुळे त्याला नियम, सूचना असा अर्थ चिकटला. निकष म्हणजे सोन्याचा कस पाहण्याचा दगड. मराठी प्रतिशब्द मुळापेक्षा अधिक समर्पक म्हणावा लागेल.

उगम : याविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार पाठनिरीक्षण हे एकोणिसाव्या शतकातील शाळा-तपासणीचे अपत्य आहे. मुंबई इलाख्यात १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर (कंपनी सरकारच्या शिक्षणविषयक धोरणपत्रानंतर) शिक्षणखाते स्थापन झाले आणि तपासणीस नेमले गेले. डेप्युटी इन्स्पेक्टरचा ‘दिपोटी’ होऊन तो मराठीत रुळला. मात्र दिपोटी मुख्यतः मुलांचे वाचन, पाढे आणि हजेरीपट तपासत. शिकवणे कसे चालते याची पद्धतशीर नोंद हा तपासणीचा गाभा नव्हता. म्हणून दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. त्यानुसार आजच्या पद्धतीची मुळे विसाव्या शतकातील अमेरिकी संशोधनात आहेत. रोमिएट स्टीव्हन्स यांनी १९१२ मध्ये वर्गातील शिक्षकांचे प्रश्न मोजले, १९१५ मध्ये आर्थर बॉइस यांनी शिक्षकांच्या गुणमापनाची पत्रिका मांडली आणि १९४९ मध्ये जॉन विथॉल यांनी शिक्षकाच्या विधानांचे वर्गीकरण करून वर्गातील वातावरण मोजले. बॉइस यांच्या पत्रिकेत थेट निवाडा होता, तर स्टीव्हन्स व विथॉल यांच्याकडे आधी मोजदाद होती. हे दोन प्रवाह पुढेही पुरते एकजीव झाले नाहीत.

फ्लँडर्सची पद्धत : मोजदादीच्या प्रवाहातील ही सर्वांत परिचित पद्धत असून भारतीय बी.एड. अभ्यासक्रमांत ती दीर्घकाळ शिकवली गेली. अमेरिकी शिक्षणसंशोधक नेड फ्लँडर्स यांनी वर्गातील बोलण्याचे दहा गट केले. १ ते ७ शिक्षकाचे बोलणे (त्यांत १ ते ४ अप्रत्यक्ष प्रभाव, जसे स्तुती वा प्रश्न; ५ ते ७ प्रत्यक्ष, जसे व्याख्यान (५) वा सूचना), ८ व ९ विद्यार्थ्यांचे, आणि १० शांतता किंवा गोंधळ. निरीक्षक दर तीन सेकंदांनी गटाचा आकडा लिहितो. वीस मिनिटांत सुमारे ४०० आकडे होतात. मालिकेच्या आरंभी व शेवटी १० जोडतात. मग लगतच्या दोन-दोन आकड्यांच्या जोड्या दहा गुणिले दहाच्या सारणीत भरतात. जोडीतला पहिला आकडा ओळ दाखवतो, दुसरा स्तंभ. ५-५ हे घर भरगच्च असेल तर सलग व्याख्यान झाले असे समजावे. गटाबद्दल शंका असल्यास ५ पासून सर्वांत दूरचा गट निवडायचा, मात्र १० वगळून.

दोष ठळक आहेत. प्रश्न विचारल्यावर मुले विचार करत गप्प बसली काय किंवा वर्गात आरडाओरडा झाला काय, दोन्ही १० मध्येच जातात. सांगितलेले बरोबर होते की चूक, हेही आकड्यांतून कळत नाही.

श्रेणीनिकष : आज अधिक वापर याच प्रकाराचा आहे. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ शार्लट डॅनियल्सन यांच्या १९९६ च्या आराखड्यात ४ क्षेत्रे, २२ घटक आणि असमाधानकारक ते उत्कृष्ट अशा ४ श्रेणी आहेत. वर्गात बसून थेट पाहता येतात ती दोनच क्षेत्रे, म्हणजे १० घटक. नियोजन आणि व्यावसायिक जबाबदाऱ्या कागदपत्रे व चर्चेतून पाहाव्या लागतात. जागतिक बँकेच्या ‘टीच’ या साधनात पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन तुकडे पाहून प्रत्येकानंतर गुण देतात.

योग्य क्रम असा : आधी पाठटाचणावर चर्चा, मग वर्गात शब्दशः नोंद, नंतर ती नोंद घटकवार लावणे, शेवटी श्रेणी आणि चर्चा. सर्वाधिक गफलत वर्गातील नोंदीच्या टप्प्यात होते. ‘वर्ग उत्साही होता’ हा शेरा झाला, पुरावा नव्हे. ‘११ हात वर, सरांनी पहिल्या बाकावरच्या तिघांनाच विचारले’ ही नोंद. श्रेणी आधी ठरवून पुरावा मागाहून शोधला की एका चांगल्या घटकाची छाया इतरांवर पडते. या छायादोषाला मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये नाव दिले, तेही सैन्याधिकाऱ्यांच्या गुणमापनावरून.

विश्वसनीयतेबाबत गेट्स प्रतिष्ठानच्या अध्यापनमापन प्रकल्पाचे (२००९–२०१२, सुमारे ३,००० शिक्षक) निष्कर्ष सामान्यतः प्रमाण मानतात. एका निरीक्षकाने एकदाच पाहिलेल्या पाठावरून काढलेला गुण भरवशाचा नसतो, आणि त्याच निरीक्षकाने आणखी एक पाठ पाहण्यापेक्षा दुसऱ्या निरीक्षकाने पाहणे अधिक उपयोगी पडते. हुशार मुलांच्या वर्गाला शिकवणाऱ्यांना जास्त गुण मिळतात, हा आक्षेप मात्र उरतोच.

भारतात : बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात सूक्ष्म अध्यापनाच्या (मोजक्या मुलांपुढे थोड्या वेळात एकेका कौशल्याचा सराव) जोडीने पासी व ललिता यांची अध्यापन-क्षमता श्रेणी तयार झाली. एनसीईआरटीच्या ‘पिंडिक्स’ या शिक्षक-कामगिरीच्या निर्देशकांमध्ये (२०१३) ४ श्रेणी असून आरंभ शिक्षकाच्या स्वमूल्यमापनापासून होतो. महाराष्ट्रात अध्यापक महाविद्यालयांतील सरावपाठांसाठी निरीक्षण-पत्रके असतात. शाळांमध्ये मुख्याध्यापक व केंद्रप्रमुख पाठ पाहतात, आणि नोंद पुष्कळदा शेरेवहीतल्या दोन-चार ओळींत आटोपते.